टायपिस्टनं सोडलेली ओळ

स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन शिकत होतो, तेव्हा माझा प्रबंध बारामतीच्या एस.टी. स्टँडजवळचा एक टायपिस्ट टाइप करायचा. नाव मी कधी विचारलं नाही. ओठ हलवत तो इंग्रजी वाचायचा आणि दर पानानंतर बोटं मोडायचा. काही मत विचारलं की म्हणायचा, "आमी काय, समोर हाय तेच उतरवतो."

प्रबंध परदेशी विद्यापीठात पाठवायचा होता. तिथला प्रवेश त्यावरच अवलंबून होता. कऱ्हाटीजवळच्या एका वस्तीवर हातपंपामुळं बायकांची पायपीट थांबली, हे मी एका अहवालातून उचललं होतं. वस्तीवर गेलोच नव्हतो.

त्या पानावर नेमकी हातपंपाची ओळ कोरी आली.

"सुटली वाटतं," मी म्हणालो.

"सुटली न्हाय, सोडलीय. माझी बहीण दिलीय तितं. सकाळची गाडी हाय, बघून या."

चिडलो, पण गेलो. हातपंप होता. त्याला दांडा नव्हता, वर गोधडी वाळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच पान मशीनमध्ये घातलं, कोरी ओळ नीट जुळवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघत म्हणाला, "हं, सांगा आता."