दरवाज्यात उभी मोटार

बातमी घेऊन मारोती आला. वलगावहून बडनेऱ्याला बैलगाडीनं, तिथून रेल्वेनं अकोल्याला, आणि स्टेशनपासून जठारपेठेपर्यंत पायी. दारात येऊन उभा राहिला. मी डाळ निवडत होते. मारोती हा माझ्या माहेरचा जुना गडी. कारणाशिवाय गावाची शीव ओलांडणारा नव्हे, म्हणून मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि "दादा?" एवढंच विचारलं. त्यानं मान हलवली. "ताप उतरलाच नाई, बाई," म्हणाला आणि पायरीवर बसला. माणूस गेल्याचं कळलं की आधी रडू येतं म्हणतात. मला आधी राग आला. जे घर सोडायला माझा भाऊ निम्मं आयुष्य तयार होऊन बसला होता, त्याच घरात, त्याच ओसरीवर तो गेला. आता इतके आठवडे झाले, रडूनही झालं, पण तो राग काही पुरता गेला नाही.

दादाला लोखंडाचं वेड कुठून लागलं देव जाणे. आमचं घर मळ्याचं. वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या सुमाराला झेंडू. आमच्या सात पिढ्यांत कोणी खुरप्यापलीकडचं हत्यार हाती धरलं नसेल. दादा अमरावतीला शाळेत गेला तो शाळा सुटल्यावर मोटारींच्या मागे पळायला शिकून आला. पुढं त्याचा शाळेतला सोबती यशवंत अकोल्याला एका मोटारीच्या कारखान्यात लागला, तशी दादालाही तिकडची ओढ लागली. बाबांनी ते ओळखलं. ते फार बोलणारे नव्हते. अमरावतीच्या एका वकिलांनी नवी मोटार घेतली होती, त्यांची जुनी बाबा एक दिवस घरी घेऊन आले आणि म्हणाले, "तुले मोटारीचाच नाद हाये नं? हे घे. आता कायले जातं कुठी?" दादा त्या दिवशी लहान मुलासारखा नाचला. त्या मोटारीनं आपल्याला दावणीला बांधलं, हे त्याला कळायला दोन पावसाळे जावे लागले.

मोटारीची मागची बैठक काढून तिथं भाजीच्या टोपल्या ठेवायच्या आणि पहाटे अमरावतीच्या बाजारात न्यायच्या, असा क्रम सुरू झाला. त्या गाडीला बारा महिने मेथीचा वास येई. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि पेढी नदीचा उतार. त्या उतारावर पुढची चाकं आपटून आपटून शेवटी डावीकडच्या कमानीचा सगळ्यांत लांब पाटा मोडला. पुढच्या चाकांवरचा भार ज्या कमानींवर असतो त्या म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटेच. त्यातला मुख्य पाटाच गेल्यावर मोटार डाव्या अंगाला अशी बसली की उठायला कंटाळलेला बैल वाटावी.

ते साल माझ्या लग्नानंतरचं दुसरं. नवरात्रात मी माहेरी आले होते, आणि दादाचं गुपित फक्त मला माहीत होतं. यशवंत नोकरी सोडून अकोल्याला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढणार होता, दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटायचा होता. जागा यशवंतची, हत्यारं दादाची. मोटार नीट करून दादा ती चालवत नेणार, दुकानात पहिली पूजा तिची होणार, आणि तिथंच राहणार. राहणार म्हणजे माझ्याकडे. जठारपेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली मी झाडून, सारवून, कोनाड्यात दिवासुद्धा ठेवून आले होते. सासरी माझ्याशी मनातलं बोलणारं कोणी नव्हतं. भाऊ येतोय म्हटल्यावर मला त्या घराच्या भिंती जरा लांब सरकल्यासारख्या वाटल्या होत्या.

आता मोटार उघडायची तर ती कुठं? आवारात सगळी काळी माती, आणि आश्विनात ती अजून ओलीच. तिच्यावर जॅक लावला तर जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. दगडी फरशी सगळ्या घरात एकाच ठिकाणी, दरवाज्यात. आवाराला दरवाजाही तो एकच. दादानं हिशेब केला, दोन दिवसांचं काम, दसऱ्याच्या झेंडूच्या गाड्या निघायच्या आत मोटार बाहेर. मग ती दरवाज्यात घेतली, मागच्या चाकांना धोंडे लावले, पुढचा आस जॅकनं उचलून खाली बाभळीचे ठोकळे दिले, चाक काढलं. गंजलेल्या बोल्टांवर घासलेट ओतून ठेवलं, कमान उतरवली, पाटे सुटे करून गोणपाटावर मांडले. नट, बोल्ट आणि खिळी मायच्या पितळी परातीत. माय म्हणजे आमची आई. ती येता-जाता म्हणे, "त्या परातीत मी कणीक मळतो रे, लेका." गाडीखालून उत्तर येई, "मंग घासून देईन." त्या दिवसांत दादाचे पायच तेवढे दिसत. आम्ही सगळे त्याच्या पायांशीच बोलत होतो.

चूक झाली ती लोहाराकडे. नवा पाटा घडवायला नमुना म्हणून दादानं मोडका पाटाच नेऊन दिला. पण तो पाटा वर्षानुवर्षं भार सोसून सपाट झालेला होता. गावच्या लोहारानं, गाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवणाऱ्या इमानदार माणसानं, समोर होतं तसंच हुबेहूब घडवलं. कमान बांधून जागेवर बसवली, जॅक सोडला, आणि मोटार पुन्हा डावीकडे बसली. दादा फरशीवर मांडी घालून कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिला. पुन्हा सगळं उघडा, पुन्हा भट्टी, पुन्हा बाक. पाटा नीट होऊन हाती आला तेव्हा अष्टमीची संध्याकाळ झाली होती. दादा हसून मला म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत बसवतो, इंदू. उद्या रात्री तुया घरी जेवतो."

नवमीला सकाळी मी परसातून आले तर दादा दरवाज्यात रिकाम्या हातानं उभा. मोटार ठोकळ्यांवर, चाक भिंतीला टेकवलेलं, कमान अर्धी टांगलेली. आणि त्याचे पाने, नट फिरवायचे ते लहानमोठे सगळे पाने, हातोडा, पक्कड, देवघरापुढच्या पाटावर. खांडेनवमी होती. नांगराचा फाळ, विळे, खुरपी आणि कुऱ्हाड यांच्या ओळीत मायनं ते धुऊन पुसून मांडले होते, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गाडीखालचा जॅक काही काढता येईना, तर वाकून त्यालाही जागेवरच कुंकू लावलं होतं.

आमच्या घरची रीत अशी की नवमीला पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सांजेला सोनं लुटून आल्यावरच उचलायचं. त्याआधी हात लावला तर वर्षभर त्या हत्याराला बरकत नाही. बाबांनी ही रीत कधी मोडली नव्हती, पीक शेतात पडलं असतं तरी मोडली नसती. मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं, "उचल. माय देवाला समजावेल." त्यानं हात पाठीमागं घेतले. मी म्हटलं, "नाहीतर पायी बडनेऱ्याला जा, रेल्वेनं ये." त्यानं मागं पाहिलं. मोटारीनं दरवाजा बुजवला होता, तिच्यामागं दोन्ही बैलगाड्या, आणि आवारभर झेंडूचे ढीग. वर्षाचा माल असा कोंडून तो कसा जाणार होता? आणि हत्यारांशिवाय यशवंतच्या दारात जाऊन करणार तरी काय?

त्या दिवशी सगळं घर दरवाज्यातून एकेक करून, अंग चोरत, मोटारीला घासत बाहेर जात होतं. झेंडूच्या टोपल्या डोक्यावरून काढल्या आणि शेजाऱ्यांच्या गाडीत भरल्या. बाबा टोपल्या भरून देत होते. दादा दिवसभर टोपल्या वाहत होता. दसऱ्याच्या सकाळीही तो तसाच, मोटारीच्या मडगार्डाला टेकून रस्त्याकडे पाहत उभा होता. अकोल्यात त्या वेळी नारळ फुटला असणार... हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावर त्यानं पहिला पाना उचलला. कंदिलाच्या उजेडात, मध्यरात्रीच्या आत कमान बसली होती, चाक चढलं होतं, मोटार ताठ उभी राहिली. तोपर्यंत दादाची वाट पाहून यशवंतनं दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेतलं होतं, हे मागाहून कळलं.

मग पुढची वर्षं आली तशी गेली. बाबा गेले, मळा दादावर पडला. लग्नाचं नाव काढलं की तो जॅक घेऊन मोटारीखाली जाई, शेवटी नाव काढणंच सगळ्यांनी सोडलं. हळूहळू अमरावतीच्या लोकांनाही कळलं की वलगावला एक माणूस पुढच्या कमानी बसवतो आणि त्या पुन्हा खाली बसत नाहीत. लोकांच्या मोटारी त्या दरवाज्यात येत, उभ्या राहत, आणि दुरुस्त होऊन आपापल्या गावी निघून जात. दादा तिथंच. लढाई लागली, पेट्रोल मिळेना, तेव्हा आमची मोटारही थांबली. तो रेल्वेनं माझ्याकडे यायचा तो सकाळी येऊन दुपारी परतायचा. पुढच्या खोलीत टेकून चहा प्यायचा, पण पिशवी कधी खाली ठेवली नाही. एकदा मी न राहवून विचारलंच, "तेव्हा पाना काहून नाही उचलला रे?" सासरी इतकी वर्षं काढूनही त्याच्यापुढं माझं माहेरचं 'काहून' सुटलेलं नव्हतं. तो बशीतला चहा संपवून म्हणाला, "माह्या हत्याराले मायनं तोवर कधी हात लावला नोता, इंदू. लोखंडी खेळणे म्हणे त्याले. त्या दिवशी फाळाच्या जोडीले ठेवलं, कुंकू लावलं. मंग कसा उचलू?"

यंदा नवमीला मी वलगावला गेले. दादाचं वर्ष सरलेलं नाही म्हणून सण नव्हता, पण हत्यारांचं हळदकुंकू माय चुकवत नाही. पाटावर फाळ होता, विळे होते, खुरपी होती. पाने नव्हते. मी इकडेतिकडे शोधत दरवाज्याशी गेले. मोटार अजून तिथंच बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभी आहे, पुढून अगदी ताठ. पाने, हातोडा आणि पक्कड एका फडक्यात बांधून पुढच्या बैठकीवर ठेवलेली होती. माय माझ्यामागं येऊन उभी राहिली होती, ते मला कळलं नव्हतं.

"त्या वक्ती मले माहीत होतं," ती म्हणाली. "त्याची पेटी भरलेली पाह्यली होती मीनं. त्याले थांबवाले दुसरं काही सुचलं नाई... म्हून पाने पाटावर मांडले."

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं दादा जे कुंकू मानाचं समजून बसला होता, ते तिनं कशासाठी लावलं होतं ते मला आत्ता कळत होतं. मला खूप काही बोलायचं होतं. पण ती मडगार्डाला धरून उभी होती.

"त्याले सांगतलं होतं का तू कधी?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. मग फडक्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. "तुया घरची थे पुढची खोली खाली हाये का अजून?"

"आहे."

"मंग उद्याची वाट नको पाहू. आजच घेऊन जाय."

मी नवमीच्या दुपारीच निघाले. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत ते गाठोडं मांडीवर होतं. जठारपेठेतल्या पुढच्या खोलीत, कोनाड्याखाली, मी ते ठेवलं आहे.