फाइलीतले साठ किलो

मी तिला फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. इस्पितळाच्या नोंदींच्या खोलीत पाच वर्षं आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. तिचं घर कुठं, आईचं दुखणं कोणतं, मी कधी विचारलं नाही. समजावून सांगायची भारी हौस, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत.

औषधाची मात्रा काढून देणारं संगणकावरचं पान ती तयार करत होती. एकदा तिनं मलाच धरलं.

“काका, पान म्हणजे नाव घालून लिहिलेलं पत्र. पाठवताना सर्व्हर त्यात त्या रुग्णाचं वजन भरतो. पण हिशेब करणारी जावास्क्रिप्ट आता वेगळ्या फाइलीत गेलीय. ती छापील पत्रकासारखी, सगळ्यांना एकच. तिच्यात सर्व्हर काही भरत नाही. म्हणून वजन पानात ठेवायचं आणि फाइलीनं ते तिथून उचलायचं.”

“मला कळून काय उपयोग?”

“निदान मान तरी डोलवा!”

ते उचलण्याचं काम राहिलं होतं. चाचणीपुरते तिनं फाइलीतच साठ किलो लिहून ठेवले होते. तेवढ्यात साहेब आले. आजच चालू करा म्हणाले.

“साहेब, कुणाचंही वजन साठच धरतंय अजून. दोन दिवस द्या.”

“तुझे दोन दिवस म्हणजे मारुतीचं शेपूट! मोठ्यांच्याच वॉर्डात लावतोय. उन्नीस-बीस चालतं तिथं.”

पुढच्या आठवड्यात तिला न विचारता त्यांनी ते मुलांच्या वॉर्डातही लावलं. बावीस किलोच्या एका मुलीला पाच दिवस साठ किलोंच्या हिशेबानं इंजेक्शनं गेली. पोर वाचली. पण तिला आता ऐकू येत नाही.

चौकशीत साहेब म्हणाले, मला कुणी काही बोललं नव्हतं. लेखी काहीच नव्हतं. मास्तरीण म्हणाली, काकांनी ऐकलंय. मला बोलावलं. निवृत्तीला चार महिने उरले होते.

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं असेल. मी वर बघितलंच नाही.

तिला काढून टाकलं. पुढं कुठं काम मिळालं का, ठाऊक नाही. टेबल आवरायला ती आली, तेव्हा मी रजिस्टरात डोकं खुपसून बसलो होतो. पिशवी उचलून ती दाराशी थांबली.

“काका, दार लोटून घेऊ?”

“हो, घे.”