उशाजवळचं बटण

अंबडच्या स्टँडजवळ कूलर दुरुस्त करणारा तो माणूस आमच्या घरी एकदाच आला. कूलर उघडण्याआधी त्याने वायर सॉकेटमधून काढली आणि पिन स्वतःच्या खिशात खोचली. काम चालू असताना कोणी ती चुकून लावू नये, म्हणून.

पंखा नुसता गुणगुणायचा, फिरायचा नाही. जाळीतून काडी घालून पातं ढकललं की चालू व्हायचा. कंडेन्सर गेलाय हे मला माहीत होतं. काडीवर भागतंय म्हणून मी उन्हाळा तसाच रेटला होता.

त्याने माझं ऐकून घेतलं आणि खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "मावशी, काका बाहेर गेल्यावर लाईट जाऊन आली, मंग काडी कोण घालतं?"

"कोण घालणार? राह्यते पडून घामात," ती हसत म्हणाली. "वारा बी यांच्यासंगंच बाहेर जातो अन् यांच्यासंगंच घरी येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. कंडेन्सर बदलला, मग कोणी न सांगता वायर वाढवून बटण तिच्या उशाजवळ बसवलं. "आता तुम्हीच चालू करा, मावशी." तिने चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं.

भेटायला येणाऱ्यांना ती ते बटण दाखवायची. "यांनी करून घेतलं माझ्यासाठी," असं सांगायची. लोक माझं कौतुक करायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो.

आता ती नाही. ते बटण मला सुचलं नव्हतं, आणि हे तिलाही माहीत होतं.