हात काढलो

काम संपलं की मेस्त्रीमामा दोन्ही हात रॉकेलच्या फडक्याने पुसायचे आणि गिऱ्हाइकासमोर धरायचे. "मोजून घ्या, अक्का. दहा हाईत." मग खदखदून हसायचे. गाडीची कामं करून म्हाताऱ्या झालेल्या फार थोड्या माणसांना असं म्हणता येत असेल.

नजरबादमधलं त्यांचं गॅरेज म्हणजे मूळचा त्यांच्या आजोबांचा रंगकारखाना. मागच्या भिंतीशी कापड रंगवायचे तीन दगडी हौद होते. त्यातल्या पाण्यात मामा पंक्चर शोधत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कन्नड मुलखातलं, त्यामुळे त्यांची मराठी कन्नडचं बोट धरून चालायची. मी साताऱ्याहून आलेली. सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. "सुम्ने बसा, अक्का," म्हणजे गप्प बसा, हे मात्र पहिल्याच दिवशी कळलं.

मामा एकटेच काम करत, म्हणून सेल मारायला, म्हणजे इंजिन चालू करायला, गिऱ्हाईकच बसे. उघड्या बॉनेटमुळे ते दिसत नसत. त्यासाठी त्यांचा नेम ठरलेला: आपण "हात?" विचारायचं, त्यांनी "काढलो!" असं ओरडायचं, मगच चावी. आवाज इतका खणखणीत की हौदांतून परत यायचा. मला त्याची गंमत वाटे. उगाचच दोनदा विचारायचे मी.

त्या दुपारी मला हुणसूरला पोहोचायची घाई होती. मामा बेल्ट ताणत होते. मी "हात?" म्हटलं. "काढलो!" आलं. मी चावी फिरवली.

इंजिनचा आवाज मला आठवत नाही. मामांचा आठवतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळात मी त्यांच्या कॉटशी उभी राहून रडत होते. घाईत मी उत्तराची वाटच पाहिली नाही आणि आता ऐकल्याचं रचते आहे, अशी माझी खात्री झाली होती. मामा म्हणाले, "अय्यो, रडू नका. तुमी ऐकला, मी बी ऐकलो. आवाज माझाच. खरं मी बोललो न्हाई."

मला ते पटलं नाही. माणूस भला आहे, माझं मन राखतोय, एवढंच दिसलं, आणि त्या भलेपणाचा रागही आला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बरे झाल्यावर ते आठ बोटांनी पूर्वीइतकंच काम करू लागले. "मोजा, आठ," म्हणायचे, पण हसणं कमी झालं. ओरडणं तर बंदच केलं. "आज्जानं त्या हौदात रंग ठेवला, मी आवाज," एकदा हळूच म्हणाले. "इतकी वर्षं रोज ओरडलो नव्हं." आता नवा नेम होता. "कानाचं ऐकू नका, अक्का. खाली उतरा, डोळ्यानं बघा, मग सेल मारा." मी दर वेळी उतरायचे. हौदांकडे मात्र बघायचे नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्या दिवशी खरंच काय झालं, हे एकदा धीर करून विचारायचं होतं. ते राहूनच गेलं.

आता पिरियापट्टणचा एक मेकॅनिक तिथे काम करतो. हाताला चांगला आहे. मराठीचा एक शब्द येत नाही. परवा सकाळी तो बॉनेटखाली वाकला होता आणि मी चावीपाशी. "कै?" मी कन्नडमध्ये विचारलं. हात?

"काढलो!"

खणखणीत, आणि पाठीमागून. पण सवयीने माझे पाय आधीच खाली टेकले होते. पुढे जाऊन पाहिलं तर त्याचा उजवा हात मनगटापर्यंत बेल्टच्या आत. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्यामागे, हौदांकडे बघत होता.

"यारु मॅडम अदु?" त्याने विचारलं. कोण होतं ते?

म्हणजे मामांनी माझं मन राखलं नव्हतं. खरं तेच सांगितलं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी तिथे उभं राहवेना.

"आधी हात काढ," मी कन्नडमध्ये म्हटलं. त्याने काढला. दोन्ही हात मी माझ्यासमोर धरायला लावले आणि एकेक बोट मोठ्याने मोजलं, मागे हौदापर्यंत ऐकू जाईल असं. दहा.