सात हजार किलोमीटर आणि वीतभर गणपती

पेणजवळच्या आमच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. हात मातीत आणि तोंड मोकळं, त्यामुळे दिवसाला दोन तरी जमतात. यंदाचे सगळे मात्र एकाच विमानाचे. तेव्हा हसू कुणालाच आलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

आमचे मालक तात्या. त्यांची मुलगी सोनाली लग्न होऊन लंडनला गेली आणि तिच्या घरी यंदा पहिला गणपती. जावई सुट्टी संपवून परत निघाले होते, त्यांच्याच हातात शाडूची वीतभर मूर्ती द्यायची ठरली. पॅकिंग माझ्याकडे.

तात्यांनी विचारलं, "किती लांब हाय रं?"

मी मोबाइलवर बघून म्हटलं, "मुंबई ते लंडन सात हजार किलोमीटर."

तात्या मटकन खाली बसले. "पेणला नेताना मूर्तीची बोटं जातात! सात हजाराला सोंड तरी राहील काय?"

*

शेजारचा दिनेश धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला आहे. तो धीर द्यायला आला. "तात्या, साडेनऊ तास फक्त! एक शिफ्ट आणि वर दीड तास ओव्हरटाइम."

"शिफ्टवरून येतोस तेव्हा स्वतःचं तोंड बघितलंयस कधी?" तात्या म्हणाले.

दिनेश चहा न घेताच गेला.

*

मग तात्यांनी ट्रायल घ्यायची ठरवली. रंग बिघडलेली एक मूर्ती खोक्यात भरली, खोकं स्कूटरला बांधलं आणि रोह्यापर्यंत जाऊन आले, तेही मुद्दाम खड्ड्यांतून! खोकं मी उघडलं. गणपती शाबूत! तात्यांची कंबर मात्र धरली. दोन दिवस ते पालथे पडून मला ओरडत होते, "कापूस वाढव!"

*

विमानाचा दिवस उजाडला. तिकिटावर निघायची वेळ दुपारी एक, पोचायची संध्याकाळी सहा. दिनेशचे साडेनऊ तास विसरून तात्यांनी बोटांवर पाच तास मोजले. सहाला जावयांना फोन लावला, बंद. सव्वासहाला बंद. साडेसहाला तात्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, देवापुढे नारळ ठेवला. कारखान्यातलं काम थांबलं. मी मोबाइलवर तिकिटाचा फोटो पुन्हा बघितला. मग एकदम डोक्यात उजेड पडला.

"तात्या, सहा म्हणजे तिथले सहा! तिथली घड्याळं साडेचार तास मागं असतात."

"घड्याळं ऱ्हाऊ दे मागं. विमान कुठं हाय ते सांग!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनालीचा व्हिडिओ कॉल आला. खोकं तिने आमच्यासमोरच उघडलं. हात नीट, पाय नीट, मुकुट नीट. मी सुटलो असं वाटतंय तोवर तिने मूर्तीच्या तोंडावरचा शेवटचा कागद काढला आणि तिचा चेहराच पडला.

"बाबा, डोळे आखायचे राहिले!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तो कागद तात्यांनी स्वतः गुंडाळून दिला होता, मी आत बघितलंच नव्हतं. लग्नाआधी कारखान्यातल्या बारक्या मूर्तींचे डोळे सोनालीच आखायची. ती गेल्यापासून ते काम तात्या करतात.

तात्या मोबाइलच्या अगदी जवळ गेले.

"राहिले नाय गो. खाली कापसात बघ, तुझा ब्रश हाय."