बोटीवरचा पोरांचा कोपरा

भोंऽऽ! बोटीचा भोंगा झाला आणि डेकवर बसलेले आमचे सहा गडी ताडकन उभे राहिले. एकाने जेवणाचा डबा उचलला, दुसरा चपला शोधायला लागला. मग लक्षात आलं, आपण सोलापुरात नाही, मुंबईच्या धक्क्यावर आहोत आणि हा आपल्या गिरणीचा भोंगा नव्हे. सगळे हसत खाली बसले. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मल्लाप्पा तेवढा उभाच. म्हणाला, "बसा की तुमी. दुसऱ्या पाळीचा गडी आल्याबिगर मी जागा सोडत न्हाई!"

मागाखाली कापूस साठतो ना, तसे हे किस्से साठतात. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. मी कमी बोलणारा माणूस, शाळाही चौथीपर्यंतच. पण आमच्या विणकाम खात्याच्या त्या गोव्याच्या सहलीचं कुणी काढलं, की मलाही गप्प बसवत नाही. सत्तरच्या पुढची सालं होती ती. आठ कुटुंबं आणि एकोणीस पोरं!

*

पोरं बोटीच्या कठड्यावर चढायला लागली, तेव्हा बायका घाबरल्या. मग मल्लाप्पाने हुकूम सोडला, "पोरांचं खातं येगळं करा!" आम्ही डेकच्या मधोमध चार सोलापुरी चादरी अंथरल्या. चादरीवर पोरं, बाहेर मोठी माणसं. मोठ्या माणसाने चादरीवर पाय ठेवायचा नाही, हा नियम.

सांभाळायला दोघं. सूत गुंडाळायच्या खात्यातली पद्मक्का आणि मी. पद्मक्का तेलुगू, आवाज असा की चालू मागावरून हाक ऐकू यायची. मी म्हटलं, मला का घेता? मल्लाप्पा म्हणाला, "तात्या, अक्का वरडणार. मग पोरं रडत कुणाकडं जातील? कुणीतरी गप बसणारं पायजे की!"

माझी नेमणूक झाली ती अशी.

*

चादरी अंथरताना शिवाप्पाने मला बाजूला घेतलं. माझ्या शेजारच्या मागावरचा हा विणकर. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला एक मुलगी झाली होती, गंगी. आता ती सहा वर्षांची होती. बायको शरणम्मा तिला पदराआड ठेवायची.

"तात्या, गेल्या साली गंगीला शाळंत घातली. तर तिची आई खिडकीभाईर बसून ऱ्हायली. चार दिवस! पाचव्या दिवशी बाई म्हणल्या, एक तर दोघींचं नाव घाला, न्हाईतर दोघींना घरी न्या."

"मग?"

"मग काय, आणल्या दोघींना घरी! आता जूनला पुन्हा शाळा हाय. आज एक दिवस हिला पोरीपासून लांब बसवून बघू. हितं चारी बाजूंनी पाणी, पोरगी जाती कुटं? हितं जमलं न्हाई, तर यंदाबी शाळा गेली बघा."

मी हो म्हटलं. शरणम्माला सांगितलं. तिने ऐकलं, मान डोलावली आणि चादरीच्या काठाला काठ लावून बसली. पाय बाहेर. नियम मोडला नाही!

*

पद्मक्काने आंधळी कोशिंबीर सुरू केली. तिसऱ्याच डावात डोळे बांधलेल्या पोराने काठावरच्या शरणम्माला धरलं. पोरांनी गिल्ला केला, "काकूवर राज्य! काकूवर राज्य!"

राज्यापुरता नियम सैल झाला. शरणम्मा लाजली, पण उठली. डोळे बांधून घेतले आणि चार पावलांत एकीला धरलं. गंगी! पोरांनी तो डाव धरला नाही, पुन्हा काकूवरच राज्य. पुन्हा गंगी! तिसऱ्यांदाही गंगीच!

मल्लाप्पाची थोरली माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "तात्या, ही काकू डोळं बांधल्यावर जास्त बघती!"

मी तिकडे पाहिलं. शिवाप्पाने कपाळाला हात लावला होता.

*

आमची पोरं एका जागी बसलेली पाहून बोटीवरचे इतर लोक हळूच यायला लागले. "काका, आमचा एक बसवू का? जरा पाठ टेकतो." सोलापूरच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. बारा वाजता मी पोरं मोजली, तर सव्वीस!

पद्मक्का हबकली. मी म्हटलं, "अक्का, कमी भरली तर घाबरायचं. वाढली तर कशाला?"

एवढ्यात एक कोट घातलेले गृहस्थ आले. हातात मूल नव्हतं. मी विचारलं, कुणाला बसवायचंय? ते हळू आवाजात म्हणाले, "मलाच. पलीकडे सासूबाई आहेत."

*

खरी पंचाईत मोठ्यांची झाली. पोरं नाहीत म्हटल्यावर काय करायचं, हे कुणालाच कळेना. आमच्या खात्यातला विठोबा आणि त्याची बायको चौदा वर्षांत पहिल्यांदाच समोरासमोर मोकळी बसली होती. पाच पोरं आमच्याकडे होती ना!

बायको म्हणाली, "बोला की कायतरी."

विठोबाने बराच विचार केला. "समुद्र लई मोठा हाय."

"व्हय."

थोड्या वेळाने विठोबा चादरीपाशी आला आणि कानाशी लागला, "तात्या, तासभर एखादं पोरगं द्या की. कुणाचंबी चालंल!"

*

दुपारी पोरं झोपेनात. मग पद्मक्काने चादरी उचलायला लावल्या आणि इंजिनाच्या अगदी वरच्या जागी नेऊन अंथरल्या. तिथे धडधड एवढी, की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. पण आमची पोरं मागाच्या खडखडाटात जन्मलेली. पाच मिनिटांत एकोणीसपैकी अठरा गाढ! बाहेरची सात मात्र रडायला लागली, त्यांना त्यांच्या आया घेऊन गेल्या.

बोटीचा खलाशी थांबून बघायला लागला. म्हणाला, "यांना ऐकायला येतं ना?"

वाटेत एका बंदराला बोट थांबली. इंजिन बंद झालं. सगळीकडे शांत झालं आणि अठरा पोरांनी एकदम भोकाड पसरलं! पद्मक्का उठली. जेवणाच्या दोन थाळ्या घेतल्या आणि मागाच्या ठेक्यात बडवायला लागली. खटाखट, खटाखट. पोरं पुन्हा झोपली. बोट सुटेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने माग चालवत होतो.

*

गंगी तेवढी झोपली नव्हती. पडल्या पडल्या काठावरच्या आईकडे बघत होती, आणि आई तिच्याकडे.

ऊन कलल्यावर पोरं उठली, भुकेली झाली. पद्मक्काने परातीत भाकऱ्या कुस्करल्या, शेंगाची चटणी आणि तेल घातलं, आणि पोरांना भोवती गोल बसवलं. बाहेर शरणम्मा आपला डबा उघडून घास कालवायला लागली. गंगीला आईने भरवल्याशिवाय घास उतरत नाही, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पलीकडे शिवाप्पा उभा राहून बघत होता. मी पोरांना पाणी देत होतो, पण माझंही लक्ष तिकडेच.

घास हातात धरून शरणम्मा आली आणि चादरीच्या काठावर थांबली. "गंगी, बा इल्ली," तिने कानडीत जवळ बोलावलं.

गंगीने वर पाहिलं. तिचे दोन्ही गाल भरलेले, हनुवटीवर तेल. उजव्या हातात एक घास होता, तो ती शेजारच्या लहानग्याला भरवत होती.

"आई, तू जा की," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "हितं मोठी माणसं बसत न्हाईत."

आणि पुन्हा परातीकडे वळली.

हातातल्या घासाकडे शरणम्माने बघितलं. मग तो स्वतःच्याच तोंडात घातला, सावकाश चावून खाल्ला, पदराला हात पुसला, आणि डेकच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेली.