दुपारी दोन ते चार

जेवण झालं की मनोहर टिपणीस आडवे होतात. पस्तीस वर्षं ते गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं असायचं, दुपारी बंद. तेव्हा लागलेली दोन ते चारची झोप निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आज खरं तर झोपायला नको. एकाहत्तराव्या वर्षी, नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसून, ते लिंगभाव अभ्यास आणि समाजशास्त्र अशा जोडविषयांत एम.ए. करताहेत. पाच वाजता विभागात लघुप्रबंध द्यायचा आहे. त्यातला एक तक्ता तेवढा पुन्हा नजरेखालून घालायचा म्हणून त्यांनी छातीवर धरलाय. एका गृहिणीचा दिवस, तासातासाने. गृहिणी म्हणजे त्यांची बायको शरयू. तिला जाऊन चार वर्षं झाली.

पंखा फिरतो आहे. तक्त्यातल्या ओळी एकमेकींवर रेलतात. टिपणीस त्या सरळ करायला जातात तर हाताला बाक लागतो.

ते वर्गात आहेत, शेवटच्या बाकावर. समोर प्राध्यापकांच्या टेबलावर परात ठेवून शरयू भिजलेले वाल सोलते आहे.

"या," ती मान वर न करता म्हणते. "बसलेलेच आहात म्हणा. ते तुम्हाला छान जमतं."

"तू इथे कशी?"

"परीक्षक म्हणून बोलावलंय. आणा तो कागद."

ती पदराला हात पुसून तक्ता लांब धरते, चष्म्याशिवाय वाचायची तसा. "हे काय, 'अदृश्य श्रम'?"

"पारिभाषिक शब्द आहे," ते पुटपुटतात. "म्हणजे जे श्रम समाजाला..."

"अहो, समाज राहू दे. तुमच्यापासून चार फुटांवर ओट्याशी उभी असायचे मी. अदृश्य म्हणे! दिसत नव्हते, की बघत नव्हतात?"

टिपणिसांना उत्तर पुस्तकात सापडेल असं वाटतं. ते उठतात. फळ्याच्या जागी वाचनालयाची कपाटं आहेत, पण त्यात पुस्तकं नाहीत, स्वयंपाकघरातले डबे आहेत. प्रत्येकावर त्यांच्याच सुबक अक्षरात क्रमांक.

"तूरडाळ कुठली, सांगा," शरयू म्हणते.

ते सूचिपत्रांचा खण उघडतात. सगळी पत्रं कोरी.

"राहू दे. ह्यांना विद्वान म्हणायचे आमच्या घरचे." ती पुन्हा कागदाकडे वळते. "दुपारी दोन ते चार, विश्रांती. कुणाची?"

"तुझी."

"आणि शेजारच्या रकान्यात? मोठ्याने वाचा."

"माहितीचा स्रोत." ते वाचतात. "प्रत्यक्ष निरीक्षण."

शरयू हसते. वाल सोलायचे थांबवून, परातीच्या काठाला धरून हसते.

"आणि दोन ते चार तुम्ही काय करत होतात, ग्रंथपाल?"

टिपणीस खाली बघतात. बाकाची खाट झाली आहे. अंगावर चादर आहे, आणि भर वर्गात ते पाय पोटाशी घेऊन पडलेत.

"घोरता घोरता निरीक्षण केलंत?"

"मॅडमनी हा तक्ता वर्गात वाचून दाखवला," ते चादरीतून म्हणतात. "उत्तम म्हणाल्या."

"त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना! मला माहितीये ना."

"पण त्या दोन तासांवरच निष्कर्ष उभा आहे, शरयू. गृहिणीला दुपार मोकळी मिळत होती, असा. तो गेला तर प्रबंध परत येईल. ह्या वयात पुन्हा वर्षभर मला झेपेल का, तेही कळत नाही."

"मग माझ्या नावावर खोटं लिहून पास व्हायचंय?"

पंख्याचा आवाज कुठून तरी येतो. टिपणीस उठून बसतात.

"मग तू काय करायचीस दोन ते चार?"

"आत्ता विचारताय! एवढ्या संसारात नाही, दोन वर्षांच्या एम.ए.तही नाही."

"सांग ना. मी दुरुस्त करतो."

"नाही सांगणार. सांगितलं की तुम्ही त्याची तळटीप करणार." ती परात त्यांच्यापुढे ढकलते. "सोला."

ते एक वाल दाबतात. दाण्याचे दोन तुकडे होतात. दुसऱ्याचेही.

"मोडलात! अहो, चिमटीत धरून दाणा नुसता सालातून सरकवायचा. तेवढंही आयुष्यात..."

टिपणीस जागे होतात. पावणेचार. पंखा फिरतो आहे. तक्ता छातीवरच आहे, आणि त्यावर दोन ते चारच्या ओळीवर वालाचं एक साल चिकटलेलं आहे. ओलं, पातळ, आरपार दिसणारं. शरयू गेल्यापासून ह्या घरात वाल भिजलेले नाहीत.

ते बराच वेळ त्या सालाला हात लावत नाहीत. मग टेबलाशी जाऊन पेन उघडतात. 'विश्रांती' खोडून 'माहीत नाही' लिहितात. माहितीच्या स्रोताच्या रकान्याशी हात अडतो. शेवटी 'प्रत्यक्ष निरीक्षण'ही खोडतात आणि खाली लिहितात, 'मी झोपलेलो होतो.'

कागद तिथे ओला आहे, शाई थोडी पसरते. साल तसंच ठेवून ते फाइल बांधतात आणि चपला शोधू लागतात.